वाचकांचे प्रश्न : भाच्याच्या खेळासाठी भेट काय द्यावी?

प्रश्न : माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. दर शनिवारी संध्याकाळी तो आणि त्याचे चार-पाच मित्र एकत्र जमून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ खेळतात आणि त्याविषयी बोलताना तो अगदी रंगून जातो. पुढच्या महिन्यात त्याचा पंचविसावा वाढदिवस आहे. या वेळी शर्ट किंवा पाकीट न देता त्याच्या या आवडीशी संबंधित काहीतरी द्यावे, अशी माझी इच्छा आहे. पुस्तकांच्या एका दुकानात चौकशी केली, तेव्हा त्यांनी एकाच खेळाची तीन जाडजूड पुस्तके समोर ठेवली. त्यांतले कोणते घ्यावे, हे त्यांनाही सांगता आले नाही. ऑनलाइन पाहिले तर फासे, छोट्या मूर्ती, नकाशे, कॉफीचे मग, टी-शर्ट यांचा नुसता ढीग दिसला. मला या खेळातले काहीच कळत नाही आणि त्यालाच विचारले तर गंमत निघून जाईल. अडीच-तीन हजार रुपये खर्च करण्याची माझी तयारी आहे. कृपया मार्गदर्शन करावे. – एक मावशी, नाशिक

उत्तर : आपण शर्ट बाजूला ठेवून भाच्याच्या आवडीचा विचार केलात, याचा मला मनापासून आनंद झाला. हा छंद जोपासणाऱ्या तरुणांना घरातून बहुधा ‘अजून खेळतोस का?’ एवढेच ऐकायला मिळते, आणि म्हणून घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाने विचारपूर्वक दिलेली छोटीशी वस्तूही त्यांना फार मोलाची वाटते.

भेट निवडण्यापूर्वी खेळाचे स्वरूप थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे, कारण काय चालेल आणि काय वाया जाईल हे त्यावरूनच ठरते. हा खेळ अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी प्रसिद्ध केला. टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एक जण सूत्रधार असतो. त्याला डंजन मास्टर किंवा नुसते डीएम म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र निर्माण करून त्याच्या वतीने बोलतात आणि निर्णय घेतात. डीएम प्रसंग उभा करतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतात, आणि जे घडेलच याची खात्री नसते त्याचा निकाल वीस बाजूंचा फासा टाकून लागतो. यात कोणी जिंकत किंवा हरत नाही. कथा पुढे सरकत राहते, आणि तीच कथा, ज्याला खेळणारे कॅम्पेन म्हणतात, अनेकदा वर्ष-दोन वर्षे चालते. म्हणजे आपला भाचा दर शनिवारी ज्या पात्राच्या भूमिकेत शिरतो, ते पात्र त्याने स्वतः घडवलेले आणि दीर्घकाळ सांभाळलेले असते. चांगली भेट या पात्रापर्यंत पोहोचते. खेळाच्या नावाचा छाप असलेली कोणतीही वस्तू तिथवर पोहोचेलच असे नाही, आणि म्हणूनच कॉफीचे मग व टी-शर्ट यांचा विचार आपण सोडून द्यावा असे मी सुचवीन.

यासाठी तीन गोष्टी कळायला हव्यात आणि त्या भाच्याला न विचारताही कळू शकतात. त्याच्या खेळातल्या एखाद्या मित्राला विश्वासात घ्या. पहिली गोष्ट म्हणजे ते नेमका कोणता खेळ आणि त्याची कोणती आवृत्ती खेळतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे नाव पुष्कळदा या सगळ्या प्रकारच्या खेळांसाठी सरसकट वापरले जाते. प्रत्यक्षात ‘पाथफाइंडर’, ‘कॉल ऑफ कथुलू’, ‘व्हॅम्पायर : द मास्करेड’ असे कितीतरी स्वतंत्र खेळ आहेत आणि प्रत्येकाची पुस्तके वेगळी असतात, काहींचे तर फासेही. दुसरी गोष्ट, आपला भाचा खेळाडू आहे की डीएम. तिसरी, ते खरोखर टेबलाभोवती बसतात की आपापल्या घरून संगणकावर खेळतात. आपल्या पत्रावरून ते एकत्र जमत असावेत असे दिसते, तरीही विचारून घ्यावे. याच मित्राकडून भाच्याच्या पात्राचे नाव, ते दिसते कसे आणि कोणते शस्त्र किंवा मंत्र वापरते, एवढेही विचारून ठेवा. त्याचा उपयोग पुढे सांगते.

आता दुकानातल्या त्या तीन पुस्तकांविषयी. ती बहुधा ‘प्लेअर्स हँडबुक’, ‘डंजन मास्टर्स गाइड’ आणि ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ ही असावीत. यांतले पहिले प्रत्येक खेळाडूच्या कामाचे असते, आणि उरलेली दोन मुख्यतः डीएमसाठी असतात. अडचण अशी की, या पुस्तकांची पाचवी आवृत्ती २०१४ साली निघाली आणि तिचे सुधारित रूप २०२४ च्या सप्टेंबरपासून २०२५ च्या फेब्रुवारीपर्यंत टप्प्याटप्प्याने बाजारात आले. दोन्हींचे नियम बऱ्याच अंशी जुळतात. मात्र पात्रांचे प्रकार आणि मंत्र यांच्या तपशिलांत पुष्कळ बदल झाले आहेत, आणि कोणते पुस्तक प्रमाण मानायचे हे प्रत्येक गट स्वतः ठरवतो. दुकानात आजही दोन्ही शेजारीशेजारी दिसू शकतात. शिवाय ज्याला खेळायला लागून बरेच दिवस झाले आहेत, त्याच्याकडे हे पुस्तक छापील किंवा डिजिटल रूपात असण्याचीच शक्यता जास्त. खेळाचे मूलभूत नियम इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत. २०२३ पासून तर त्यांचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांसाठी खुला आहे. म्हणून मित्राने ‘त्याच्याकडे हँडबुक नाही आणि त्याला ते हवे आहे’ असे स्पष्ट सांगितले, तरच त्या वाटेला जावे. अमेरिकेत या पुस्तकाची किंमत सुमारे ५० डॉलर आहे. त्यामुळे एखाद्या संकेतस्थळावर नवीकोरी प्रत अगदी किरकोळ किमतीला दिसली, तर ती बनावट छपाईची असण्याचा संशय जरूर घ्यावा. अशा प्रतींची बांधणी पहिल्या काही महिन्यांतच सुटते, आणि ज्यांनी तो मजकूर लिहिला, ज्यांनी चित्रे काढली, त्यांना त्यातून काही मिळत नाही.

एक पुस्तक मात्र खेळाडूला कधीही परस्पर देऊ नये, आणि ते म्हणजे आधीच रचलेल्या साहसकथेचे. अशा पुस्तकांची मुखपृष्ठे अत्यंत देखणी असतात आणि माहिती नसलेला ग्राहक नेमका तिकडेच ओढला जातो. पण त्या पानांवर कोणता दरवाजा कुठे उघडतो, कोण फितूर आहे, शेवटी काय दडलेले आहे, हे सगळे लिहिलेले असते. भाच्याचा डीएम कदाचित तीच कथा चालवत असेल किंवा पुढे चालवणार असेल. खेळाडूने ते वाचले की त्याचा स्वतःचा आनंद तर जातोच. शिवाय डीएमच्या कित्येक आठवड्यांच्या तयारीवर पाणी पडते.

माझे स्पष्ट मत विचाराल तर आपल्या परिस्थितीत फासे ही सर्वांत योग्य भेट आहे. फासे कितीही असले तरी ते जास्त झाले असे या खेळातले कोणी म्हणत नाही. नेहमीच्या संचात सात फासे असतात : चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचा प्रत्येकी एक, आणि दहा बाजूंचे दोन. त्या दोन्हींपैकी एकावर एकेरी अंक असतात आणि दुसऱ्यावर ००, १०, २० असे दशक असतात. दोन्ही एकत्र टाकले की शंभरापर्यंतची कोणतीही संख्या मिळते. साधा संच काही शे रुपयांत मिळतो आणि आपल्या अंदाजपत्रकात खरोखर सुंदर संच सहज बसतो. तो निवडताना मात्र रंगाला भुलू नये.

वीस बाजूंचा फासा हातात घेऊन किंवा छायाचित्र मोठे करून तो हातभर अंतरावरून वाचता येतो का, हे आधी पाहा. शनिवारी रात्री दिव्याच्या पिवळ्या उजेडात, चार जणांचे डोळे त्या फाशाकडे लागलेले असताना, तेरा की अठरा हे वाकून बघावे लागले तर त्या क्षणाची सारी उत्कंठा ओसरते. चमकी भरलेल्या पारदर्शक फाशांवर सोनेरी अंक फोटोत मोहक दिसतात, पण टेबलावर ते नजरेला सापडत नाहीत. गडद रंगावर पांढरे किंवा फिकट रंगावर काळे अंक केव्हाही बरे. सहा आणि नऊ या अंकांखाली रेघ किंवा ठिपका आहे ना, हेही तपासावे, कारण गोलाकार फाशावर त्याशिवाय ते ओळखू येत नाहीत. वीस बाजूंच्या नेहमीच्या फाशावर समोरासमोरच्या दोन बाजूंची बेरीज २१ येते, म्हणजे २० च्या बरोबर पाठीमागे १ असतो. तशी रचना नसून अंक ओळीने एकापुढे एक मांडलेले असतील, तर तो फासा गुण मोजण्यासाठी बनवलेला असतो आणि खेळात टाकण्यासाठी तो कोणी पसंत करत नाही.

धातूचे फासे वजनदार असतात आणि हातात घेतले की त्यांचा रुबाब जाणवतो. ते घेणार असाल तर सोबत आत मखमल किंवा नमदा लावलेला फासे टाकण्याचा ट्रे घ्यायलाच हवा, नाहीतर ज्या मित्राच्या घरी खेळ चालतो त्याच्या जेवणाच्या टेबलावर खड्डे पडतील आणि त्या मित्राच्या आईची बोलणी आपल्या भाच्याला खावी लागतील. दगडाचे किंवा स्फटिकाचे फासे फरशीवर पडले की कोपऱ्यावर टवका उडतो. ते शोभेसाठी ठीक, दर आठवड्याच्या खेळासाठी नव्हेत.

आता त्या मित्राकडून मिळालेली माहिती उपयोगी पडते. भाच्याचे पात्र मांत्रिक असेल आणि ‘फायरबॉल’ हा आगीचा मंत्र वापरत असेल, तर त्याला एकाच वेळी सहा बाजूंचे आठ फासे टाकावे लागतात, आणि संचात तर तसा एकच असतो. चोरट्या चालीचे, म्हणजे ‘रोग’ (इंग्रजी rogue) वर्गातले पात्र असेल, तरी त्याचे सामर्थ्य वाढत जाते तसे सहा बाजूंचे जास्त जास्त फासे लागू लागतात. तेव्हा मुख्य संचाच्या जोडीला त्याच रंगाचे सहा बाजूंचे आठ-दहा जादा फासे दिले, तर मावशीने नुसती खरेदी केलेली नाही, तर माझा खेळ समजून घेतला आहे, हे त्याला पेटी उघडताच कळेल. ते ‘व्हॅम्पायर’ खेळत असतील तर दहा बाजूंचे मूठभर फासे हवेत. ‘फेट’ नावाच्या खेळात तर अधिक, उणे आणि कोरी बाजू असलेले वेगळेच चार फासे लागतात. खेळाचे नेमके नाव आधी विचारायला मी सांगितले ते यासाठीच.

या फाशांसाठी आपण स्वतः एक बटवा शिवलात तर? खणाच्या कापडाचा, आतून मऊ सुती अस्तर लावलेला, ओढून बंद करायची नाडी असलेला आणि तळ थोडा रुंद ठेवलेला, म्हणजे टेबलावर तो उघडा उभा राहील. बाजारात चामड्याच्या आणि मखमलीच्या पिशव्या पुष्कळ मिळतात. खणाचा बटवा त्या टेबलावर दुसऱ्या कोणाकडे असण्याची शक्यता फारच कमी आहे. शिवणकामाची सवय नसेल तर जवळच्या शिंप्याकडून तो तासाभरात होईल. त्यावर पात्राचे नाव देवनागरीत भरतकामाने काढता आले, तर त्याहून चांगली भेट मला सुचत नाही.

जाड कागदाची, सपाट उघडी राहणारी एक वहीही सोबत देता येईल. महिनोन्‌महिने चालणाऱ्या कथेत गावांची, शत्रूंची आणि न फेडलेल्या उपकारांची नावे लिहून ठेवावी लागतात. अर्धी पाने रेघांची आणि अर्धी चौकटींची असतील तर नकाशेही काढता येतात.

छोट्या मूर्तींचे, ज्यांना मिनिएचर किंवा मिनी म्हणतात, आकर्षण मोठे आहे. पण तिथे एक अट आहे. काही गट लढाईच्या प्रसंगी चौकटींचा नकाशा पसरतात, ज्यावर एक इंच म्हणजे पाच फूट असा हिशेब असतो, आणि त्यावर पात्रांच्या मूर्ती सरकवतात. काही गट सगळे केवळ बोलण्यातून आणि कल्पनेतून खेळतात. दुसऱ्या प्रकारच्या गटात मूर्ती कपाटातच राहील. पहिल्या प्रकारचा गट असेल, तर ‘हीरो फोर्ज’ या संकेतस्थळावर पात्राचा चेहरा, पोशाख, शस्त्र, उभे राहण्याची ढब असे सगळे निवडून हुबेहूब मूर्ती घडवता येते. तयार मूर्ती परदेशातून मागवण्याऐवजी तिथून नुसती फाइल विकत घेऊन पुण्यातल्या एखाद्या थ्री-डी प्रिंटिंग करणाऱ्याकडून छापून घेतली, तर वेळ वाचतो. छपाई रेझिनची करून घ्यावी, कारण अंगठ्याएवढ्या मूर्तीचा चेहरा प्लास्टिकची तार वितळवून केलेल्या छपाईत स्पष्ट उमटत नाही. ती रंगवण्याचे काम भाच्यावरच सोपवावे, असे मला वाटते. आपले पात्र आपल्या हाताने रंगवण्यात वेगळा आनंद आहे. त्यासाठी शून्य किंवा एक नंबरचा चांगला ब्रश आणि पाच-सहा ॲक्रिलिक रंग पुरतात. रंग पटकन वाळू नयेत म्हणून झाकणाच्या पसरट डब्यात ओला स्पंज ठेवून त्यावर बटर पेपर अंथरला की घरच्या घरी उत्तम पॅलेट तयार होते.

कोणतीही वस्तू परदेशातून येणार असेल तर सीमाशुल्क आणि उशीर दोन्ही गृहीत धरावेत. आपल्या हातात एकच महिना आहे. तेव्हा फासे आणि बटवा हाच बेत मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

प्रश्न : आम्ही पाच जण गेली दोन वर्षे दर रविवारी ऑनलाइन खेळतो. आमच्यापैकी दोघे मुंबईत, दोघे कोल्हापुरात आणि एक जण जर्मनीत आहे. आमची डीएम ही आमची कॉलेजातली मैत्रीण असून कथा संपूर्णपणे तिने स्वतः रचलेली आहे. पुढच्या दोन महिन्यांत ही कथा संपेल. त्या वेळी सर्वांनी मिळून सहा-सात हजार रुपयांची भेट द्यावी, असा विचार आहे. डीएमकडे तर आधीच सगळे असते. मग काय द्यावे? – पाच खेळाडू

उत्तर : आपण अंदाज लावलात तो खरा आहे. नियमांची पुस्तके, फासे, टेबलावर उभा करायचा पुठ्ठ्याचा पडदा हे सगळे डीएमने आपल्या गरजेनुसार कधीच घेतलेले असते. तिने आपल्यासाठी दोन वर्षे जे दिले ते म्हणजे वेळ. प्रत्येक रविवारच्या तीन-चार तासांमागे तिची आणखी काही तासांची एकटीने केलेली तयारी आहे. आपली भेट त्या कामाची दखल घेणारी असावी.

माझी पहिली सूचना अशी, की आपल्या पाचही पात्रांचे एकत्र चित्र एखाद्या व्यावसायिक चित्रकाराकडून काढून घ्यावे आणि ते छापून, चौकटीत बसवून तिला द्यावे. आपल्याकडे असे काम करणारे तरुण चित्रकार पुष्कळ आहेत. पाच आकृत्यांचे रंगीत चित्र या रकमेत बसवायचे तर पार्श्वभूमी साधी ठेवावी लागेल. चित्रकाराला प्रत्येक पात्राचे वर्णन लेखी द्या आणि आपल्या कथेतला कोणता प्रसंग चित्रात हवा ते एकमताने ठरवा. माझ्या मते तो मोठ्या विजयाचा नसावा. तिने रचलेल्या जगातली जी जागा आपल्याला घरासारखी झाली असेल, तिथे सगळे बसलेले दाखवा, आणि तिने जीव ओतून उभे केलेले एखादे दुय्यम पात्र, खानावळीचा मालक म्हणा किंवा म्हातारी वैद्यीण म्हणा, त्यांच्यात असू द्या. आपल्या कल्पनेतला माणूस दुसऱ्यांनाही इतका आठवणीत राहिला, हे पाहून डीएमला जे समाधान मिळते ते फार मोठे असते. चित्रकाराला किमान सहा आठवडे द्या आणि यंत्राने बनवलेले चित्र चालणार नाही, हे आधीच बोलून घ्या.

याच्या जोडीला, आणि खर्च न करता, पाचही जणांनी आपापल्या पात्राच्या नजरेतून चार-चार पाने लिहावीत. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, जसे खेळताना बोलता तसेच लिहा. ती एकत्र करून बांधून घेतली की दोन वर्षांच्या त्या कथेची एक प्रत तिच्या कपाटात राहील; आज तरी ती फक्त तुमच्या आठवणीत आणि तिच्या टिपणांत विखुरलेली आहे.

उपयोगाचीच वस्तू हवी असेल तर ती ऑनलाइन खेळासाठी काय वापरते ते पाहा. ‘फाउंड्री’ या प्रणालीचा परवाना एकदाच विकत घ्यावा लागतो आणि तो फक्त खेळ चालवणाऱ्याकडे असला की पुरतो. पण ती ‘रोल ट्वेंटी’ या दुसऱ्या प्रणालीवर रुळलेली असेल तर तिला न विचारता नव्या प्रणालीत ढकलू नये. पुढची कथा ती स्वतः रचणार नसेल, तर ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ हा २०२२ चा तेरा साहसकथांचा संग्रह तिला आवडू शकेल. त्यातली मिमी मोंडल या भारतीय लेखिकेची कथा बंगालच्या नद्या-खाडीच्या प्रदेशावर बेतलेली आहे. मावशींना मी साहसकथेचे पुस्तक घेऊ नका म्हटले, ते खेळाडूसाठी होते. डीएमच्या हातात ते योग्य जागी पडते.

आणि एक गोष्ट तर नक्की करा : कथा संपल्यानंतरच्या रविवारी तिला खेळाडू म्हणून बसवा. वर्षानुवर्षे खेळ चालवणाऱ्यांना स्वतः एखादे पात्र घेऊन खेळण्याची संधी क्वचितच मिळते. आपल्यापैकी ज्याने कधीच डीएमपण केलेले नाही, त्यालाही एका बैठकीपुरता खेळ चालवता येईल. ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ या जॉन हार्परच्या खेळाचे सगळे नियम एकाच पानावर आहेत, ते विनामूल्य मिळतात आणि त्याला सहा बाजूंचे साधे फासे पुरतात. भयकथा आवडत असेल तर ‘कॉल ऑफ कथुलू’चे प्राथमिक नियमही प्रकाशकाकडून विनामूल्य उतरवून घेता येतात. जो खेळ चालवणार असेल त्याने नियम आठवडाभर आधी वाचून ठेवावेत, जर्मनीतल्या मित्राच्या वेळेशी जुळवून बैठक ठरवावी, आणि त्या दिवशी तिला तयारीतले काहीही करू देऊ नये.